शेजारचं गोदाम वाढतंय : हरकत घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरजवळ वाडीच्या पुढे, अमरावती रोडपासून थोडं आत तुमचं चाळीसेक घरांचं लेआउट आहे. कुंपणापलीकडे जुनं गोदाम आहे. त्या मालकाने लागून असलेलं पाच एकर शेत घेतलं, मुरूम पडायला लागला आणि पेपरात बारीक अक्षरांत एक जाहीर सूचना आली. सरपंच म्हणतात, 'ग्रामपंचायतीने एनओसी दिली, आता काही होत नाही.' लेआउटमधले एक काका म्हणतात, 'सरळ स्टे आणा.' आणि तुम्ही विचारताय की हे थांबवता येईल का, हरकतीत लिहायचं काय.

मी नगररचनेचंच काम करतो. गोदामवाल्यांच्या फायली केल्या आहेत आणि रहिवाशांच्या हरकतीही लिहून दिल्या आहेत, त्यामुळे समोरचा सल्लागार काय मांडणार याचा अंदाज असतो. माझं म्हणणं असं की 'थांबवता येईल का' हे आत्ता बाजूला ठेवा. सध्या नेमका कोणता निर्णय व्हायचा बाकी आहे आणि तो कुणाच्या टेबलावर आहे, हे आधी शोधा. यात लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. झालेल्या निर्णयावर मोर्चा नेतात आणि जो निर्णय उघडा आहे त्याची मुदत निघून जाते.

पेपरातली ती सूचना परत काढा आणि नीट वाचा. अशा सूचना तीन-चार प्रकारच्या असतात आणि वरवर सगळ्या सारख्याच दिसतात. पहिली वकिलाची: 'आमच्या अशिलाने खालील मिळकत विकत घेण्याचे ठरविले आहे, कुणाचा हक्क, बोजा असल्यास कळवावे.' ती मालकी तपासण्यापुरती असते. तिला उत्तर म्हणून गोदामाच्या ट्रकची तक्रार पाठवली तर वकील ती फायलीला लावतो आणि विषय तिथेच संपतो. दुसरी पर्यावरण मंजुरीची. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरी मिळाली की ती पेपरात जाहीर करावी लागते. म्हणजे ही सूचना निर्णय झाल्यानंतरची असते. तिच्यावर हरित लवादाकडे अपील करायला मुळात ३० दिवसच असतात. तिसरी, आणि तुमच्या कामाची, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालची. तिच्यात 'मौजा', 'खसरा क्रमांक' (जमिनीचा नंबर) आणि 'शेती विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट करणे' अशा धर्तीचं वाक्य असतं. ते वाक्य दिसलं तर विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कोणत्या वापरासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, फेरबदल मागितला आहे आणि दार अजून उघडं आहे.

हा फरक का महत्त्वाचा, ते सांगतो. ज्या जमिनीवर गोदाम वाढवायचं आहे ती विकास योजनेत आधीच औद्योगिक विभागात असेल, तर मालकाला फक्त बांधकाम परवानगी लागते. तो कलम ४४ खाली अर्ज करतो आणि नियोजन प्राधिकरण कलम ४५ खाली मंजूर किंवा नामंजूर करतं. त्यात शेजाऱ्याला नोटीस देण्याची पद्धत नाही आणि जाहीर सुनावणीही होत नाही. परवानगी नाकारली तर ४० दिवसांत अपील करता येतं, पण कलम ४७ चं ते अपील अर्जदारासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. उलट जमीन शेती विभागात असेल आणि ती बदलून मागितली असेल, तर प्राधिकरणाला राजपत्रात आणि पेपरात सूचना द्यावी लागते. एका महिन्याच्या आत कुणाही व्यक्तीला हरकत किंवा सूचना देता येते. हरकत घेणाऱ्याला सुनावणी मिळते आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला जातो. कायद्यात 'कुणाही व्यक्तीला' असंच म्हटलं आहे, त्यामुळे तुमचा प्लॉट लागून आहे की चार गल्ल्या सोडून, यावर हरकतीचा हक्क ठरत नाही.

मधला एक प्रकारही असतो. जमीन शेती विभागातच ठेवायची आणि त्या विभागात अटींवर चालणाऱ्या वापरांत आपलं गोदाम बसवून घ्यायचं. २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात, शेती विभागातही बरेच वापर अटींसह चालतात. त्यामुळे 'शेतीची जमीन आहे, गोदाम होऊच शकत नाही' असं ठासून लिहू नका. कोणत्या नियमाखाली, कोणत्या मालासाठी आणि कोणत्या अटींवर मागितलं आहे, ते विचारा.

आता फाइल कुणाकडे? आपल्याकडे यात खूप गोंधळ होतो. नागपूर शहरात महापालिका आणि सुधार प्रन्यास. शहराबाहेर महानगर क्षेत्रात, म्हणजे ७१९ गावांत, एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). तिथली विकास योजना जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाली आणि तुमच्या भागाचा रंग तीच ठरवते. बुटीबोरी, हिंगणा अशा एमआयडीसीच्या वसाहतींत एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे आणि तिची नियमावली वेगळी आहे. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या हद्दीत महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. नगर परिषदेच्या हद्दीत असाल तर खसरा क्रमांक घेऊन आधी विचारून घ्या की बांधकामाची फाइल नगर परिषदेत चालते की एनएमआरडीएत. सरपंचांच्या एनओसीबद्दल एवढंच, की नियोजन प्राधिकरणाच्या क्षेत्रात ती म्हणजे बांधकाम परवानगी नाही आणि झोन बदलही नाही. तिच्यामुळे तुमचं काही अडत नाही. मात्र तिची प्रत घ्या. ठरावात काय लिहिलं आहे ते वाचण्यासारखं असतं, कधी 'रस्ता रुंद करून देण्याच्या अटीवर' असंही लिहिलेलं सापडतं आणि ते पुढे कामी येतं.

पहिल्या आठवड्यात तीन कागद मिळवा. वाढीव जमिनीचा सातबारा. पटवाऱ्याकडे फेऱ्या मारायची गरज नाही, ऑनलाइन मिळतो. त्याच खसऱ्याचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा. हे प्राधिकरणात फी भरून मिळतात. आणि जुन्या गोदामाचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. यातला शेवटचा कागद सहजासहजी मिळत नाही, त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. पण अर्जाचं उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदतही महिन्याभराचीच आहे. त्यामुळे उत्तराची वाट बघत बसू नका. कलम ३७ च्या सूचनेत 'प्रस्तावाचा नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध' असं लिहिलेलं असतं. दोघे-तिघे जा, नकाशा मागा, मोबाइलवर फोटो काढा. हरकतीच्या शेवटी लिहा की मागितलेली कागदपत्रं मिळालेली नाहीत, मिळाल्यावर पुरवणी हरकत देण्याचा हक्क राखून ठेवतो.

जुन्या गोदामाचा नकाशा एवढा का शोधायचा? कारण वाढीचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा असतो. 'आमचा वापर इथे आधीपासून आहे' हे वाक्य समोरून येणारच. तो वापर मंजूर होता का, कशासाठी मंजूर होता? मंजुरी शेतमालाच्या गोदामाची आणि आत रंग, थिनर, बॅटऱ्या किंवा टायर, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. अधिनियमातल्या 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो, नुसतं बांधकाम नाही. म्हणजे शेड न बांधता उघड्यावर कंटेनर रचून ठेवणं हासुद्धा परवानगीचा विषय आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. जुनं बांधकाम विनापरवाना निघालं तरी ते पाडलंच जाईल असं नाही. नियमात बसत असेल तर प्रशमन शुल्क, म्हणजे एक प्रकारचा दंड, भरून नियमित करून घेता येतं. तरीही फायलीत ही बाब आली की नवीन परवानगी देणाऱ्याला ती ओलांडून जाता येत नाही, आणि अटी घालून घ्यायला तुम्हाला जागा मिळते.

आता थोडं कडू. तुमच्या स्वतःच्या लेआउटचे कागद कसे आहेत? आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे का? एनए-टीपी, म्हणजे अकृषक आणि नगररचनेची मंजुरी, खरंच झालं आहे की नुसतं बोर्डावर लिहिलेलं? गुंठेवारीत नियमित झालं आहे की अर्ज पडून आहे? नागपुरात ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटच्या नियमितीकरणाची गोष्ट माहीत नसलेला माणूस विरळा, त्यामुळे समोरचा सल्लागार पहिला बाण हाच मारतो: 'साहेब, ही घरंच अनधिकृत आहेत, यांची हरकत कशी ऐकायची?' याला उत्तर आहे. हरकत कुणीही घेऊ शकतो, आणि पाणी घरात शिरताना आरएल विचारत नाही. पण हे उत्तर तयार ठेवून जा, सुनावणीत पहिल्यांदा ऐकून चेहरा पडू देऊ नका. तुमचे कागद पक्के असतील तर मंजूर लेआउटचा नकाशा हरकतीच्या पहिल्याच पानामागे लावा, कारण मग तुमचा निवासी वापर आधीचा आणि मंजूर आहे हे अधिकाऱ्याला दिसतं.

हरकतीचं पुढे काय होतं ते कळलं की ती कशी लिहायची हे आपोआप समजतं. सगळ्या हरकती आल्या की कार्यालयात एक तक्ता होतो. त्यात साधारण चार रकाने असतात: हरकतदाराचं नाव, हरकतीचा गोषवारा, अर्जदाराचा खुलासा, प्राधिकरणाचा अभिप्राय. तुमच्या सहा पानी पत्राचा त्या दुसऱ्या रकान्यात दोन-तीन ओळींचा गोषवारा होणार, आणि तो करणारा कारकून किंवा रचना सहायक दिवसभरात असे ढीगभर अर्ज वाचत असतो. 'आमच्या मुलाबाळांच्या आयुष्याशी खेळ चालला आहे' असं लिहिलंत तर गोषवाऱ्यात 'रहिवाशांचा विरोध' एवढंच उरतं आणि अभिप्रायात 'नोंद घेतली'. म्हणून प्रत्येक मुद्दा असा लिहा की त्याची पहिली ओळ तशीच उचलून तक्त्यात टाकता यावी, आणि खाली पुरावा व मागणी. चाळीस घरांनी एकाच मजकुरावर नाव बदलून चाळीस प्रती देण्यात फारसा अर्थ नाही, त्या एकत्र गुंडाळल्या जातात. एक सविस्तर सामायिक हरकत सगळ्यांच्या सह्यांची, आणि ज्यांचं नुकसान वेगळं आहे, समजा नाल्याकडच्या चार घरांचं, त्यांची वेगळी. प्रत्येकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या.

मुद्द्यांमध्ये माझ्या मते पहिला नंबर रस्त्याचा. गोदामाचा त्रास बहुधा भिंतीच्या आत नसतो, फाटकाबाहेर असतो. ट्रक नंबर लागेपर्यंत रस्त्यावर उभे, ड्रायव्हर तिथेच स्वयंपाक करतायत, शाळेची व्हॅन उलटी नेऊन वळवावी लागते. हे सगळं एका प्रश्नावर येतं: गोदामाला पोचरस्ता कोणता आणि तो प्रत्यक्षात किती रुंद आहे? मंजुरीच्या नकाशात पुष्कळदा '१८ मीटर रुंद विकास योजना रस्ता' असा ठसठशीत रस्ता दाखवलेला असतो. जागेवर जा, तर तिथे तुरीचं वावर असतं. जमीन संपादित झालेली नाही, रस्ता फक्त रेघ आहे, आणि ट्रक येतात ते गावच्या पांधणीवरून, म्हणजे शेतात जायच्या कच्च्या वाटेवरून. तेव्हा टेप घेऊन जा. फाटकापासून पक्क्या रस्त्यापर्यंत दर पन्नास मीटरवर रुंदी मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा, गावच्या नकाशात ती पांधण कशी दाखवली आहे त्याची प्रत जोडा. मग लिहा: 'प्रस्तावित रस्ता जागेवर अस्तित्वात नाही; प्रत्यक्ष वहिवाट अमुक मीटर रुंद पांधणीवरून आहे.' आणि मागणी: रस्ता प्रत्यक्ष तयार होऊन ताब्यात येईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. 'रस्ता अरुंद आहे' असं नुसतं लिहिण्यात आणि यात केवढा फरक पडतो, ते सुनावणीत कळेल. थेट राष्ट्रीय महामार्गाला फाटक काढलं असेल, तर महामार्ग प्राधिकरणाची प्रवेश परवानगी आहे का, हेही विचारा.

ट्रकची मोजणी करा, पण खरी. लेआउटच्या तोंडावर कुणाच्या तरी घरी कॅमेरा असतोच. एका आठवड्याचं रेकॉर्डिंग बघून तासावार आकडे काढा, रात्री १० ते सकाळी ६ वेगळे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५. रात्रीच्या ट्रकांचा रिव्हर्स हॉर्न ती सहज ओलांडतो. मागणी मात्र 'आवाज बंद करा' अशी नको. रात्री १० ते ६ निवासी बाजूच्या फाटकातून वाहतूक नको, माल चढवण्या-उतरवण्याची जागा लेआउटच्या विरुद्ध बाजूला, आणि येणारे सगळे ट्रक उभे राहतील एवढं पार्किंग स्वतःच्या प्लॉटच्या आत. या अटी नकाशावर दाखवता येतात, म्हणून अधिकाऱ्याला लिहायला सोप्या जातात.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तुमच्याकडे मुरूम पडतोय म्हणालात म्हणून तो तातडीचा. आपल्या काळ्या मातीत पाणी मुळातच हळू मुरतं. त्यावर तीन-चार फूट भराव घातला की आजवर त्या शेतात थांबणारं पाणी तुमच्याकडे वळतं. छपराचं गणित स्वतः करून बघा. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. १०,००० चौरस मीटरच्या शेडवर ५० मिलिमीटर पडला तर ५ लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे ५० टँकर, आणि ते शेताप्रमाणे जागच्या जागी मुरत नाही, पन्हळीतून एकदम खाली येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार-एक तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, हे कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर पाण्याचा मुद्दा आकड्यांसह मांडला तर अधिकारी मान वर करून ऐकतात, हा माझा अनुभव आहे. गावच्या नकाशात त्या खसऱ्यातून नाला किंवा ओढा गेलेला आहे का बघा. असेल आणि भरावाखाली जात असेल तर तो एकटा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे. मागणी: भरावाची पातळी लेआउटच्या रस्त्याच्या संदर्भाने ठरवून द्यावी, हद्दीला लागून पावसाळी नाली मालकाने स्वखर्चाने बांधून नाल्यापर्यंत न्यावी, आणि छपराच्या पाण्यासाठी पुनर्भरणाची व्यवस्था नकाशात दाखवावी.

झोन बदलाचा निर्णय झाला नसताना भराव चालू असेल, तर त्याची तक्रार हरकतीत मिसळू नका. वेगळं पत्र प्राधिकरणाला द्या, कारण परवानगीशिवाय विकास सुरू झाला असेल तर त्यावर कारवाईचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. दुसरं पत्र तहसीलदारांना, कारण मुरूम हे गौण खनिज आहे आणि त्याच्या वाहतुकीला पास लागतो. टिप्परचे नंबर आणि तारीख-वेळ असलेले फोटो जोडा.

तिसरा मुद्दा आत काय ठेवणार याचा. यात लोक एकतर घाबरून काहीही लिहितात किंवा अजिबात लिहीत नाहीत. किराणा मालाचं गोदाम आणि रंग-रसायनांचं गोदाम कागदावर सारखीच शेड दिसतात, पण राष्ट्रीय इमारत संहितेत साठवणुकीच्या इमारती आणि धोकादायक मालाच्या इमारती हे दोन वेगळे गट आहेत आणि अग्निसुरक्षेच्या अपेक्षाही वेगळ्या. ज्वालाग्राही द्रवांवर पेट्रोलियम कायद्याचं वेगळं बंधन आहे. २३ अंश सेल्सिअसच्या खालीच पेट घेणारी वाफ सुटते तो 'अ' वर्ग, आणि बाजारातले बरेच थिनर त्यातच बसतात. त्याच्या साठ्याला परवाना देणारी पेसो ही केंद्रीय संस्था, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. मागणी अशी करा की परवानगीत साठवायच्या मालाचा प्रकार लिहावा आणि तो बदलायचा झाल्यास पुन्हा परवानगी घ्यावी. गोदाम भाड्याने जातं, भाडेकरू बदलतो, माल बदलतो. ही एक ओळ परवानगीत नसेल तर पाच वर्षांनी आत काय आहे ते विचारायला तुमच्याकडे कागदच राहत नाही. शिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'ब' नमुना, अग्निशमन विभागाकडे द्यावं लागतं. जुन्या गोदामाने ते दिलं आहे का, हे माहिती अधिकारात मागा. उत्तर 'आढळून येत नाही' असं आलं तर तेच पत्र जोडा.

हरकतीत काय नको तेही सांगतो. प्लॉटचे भाव पडतील हा मुद्दा नगररचनेच्या फायलीत टिकत नाही, तो गाळा. मालकाच्या राजकीय ओळखीबद्दल एक शब्द नको, सिद्ध करता येत नाही आणि बाकीचे मुद्देही हलके होतात. 'गोदामच नको' हेही एकमेव वाक्य म्हणून चालत नाही. जकातीच्या काळात महापालिकेच्या हद्दीबाहेर माल उतरवणं सोयीचं होतं म्हणून वाडीचा पट्टा ट्रान्सपोर्टवाल्यांनी भरला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यातले छोटे डेपो कमी करून मोठी मध्यवर्ती गोदामं घेण्याकडे कंपन्यांचा कल गेला, आणि देशाच्या मध्यावरचं नागपूर त्यात सोयीचं पडतं. शासनाला हा व्यवसाय हवा आहे. हे गृहीत धरून, 'झोन बदल फेटाळावा. आणि शासनास मंजूर करणे आवश्यक वाटल्यास पुढील अटींवरच करावा' अशी दुहेरी मागणी ठेवा. काही लोकांना हे माघार घेतल्यासारखं वाटतं. पण कलम ३७ मध्ये शासन प्रस्ताव जसाच्या तसा, फेरफारासह किंवा अजिबात नाही, असं काहीही करू शकतं. फेरफार काय करायचे हे तुम्ही लिहून दिलं नाही तर कुणीच देणार नाही. आणि झोन एकदा बदलला की नंतरच्या बांधकाम परवानगीत तुम्हाला बोलावणार नाहीत हे वर सांगितलंच. अटी बसवून घ्यायची जागा हीच.

सुनावणीला वीस जण जाऊ नका. दोघे बोलणारे, एक नकाशा उलगडून धरणारा. पाच-दहा मिनिटं मिळतील असं समजा. नकाशावर तुमचं लेआउट, गोदामाचं फाटक, पांधण आणि नाला चार रंगांत रंगवून न्या. बोललेलं सगळं लेखी द्या आणि पोच घ्या, कारण अहवालात लेखी तेवढंच जातं.

काकांच्या स्टेबद्दल. निर्णयच झालेला नसताना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलात तर बहुधा 'आधी हरकत नोंदवा' असंच सांगतील. याउलट परवानगी झालेली असेल आणि काम सुरू असेल तर दिवस मोजायला लागा. कलम ५१ खाली दिलेली परवानगी मागे घेण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, पण बांधकाम बरंच पुढे गेल्यावर तो वापरता येत नाही, आणि उशीर केला की न्यायालयही पहिला प्रश्न तोच विचारतं. ते वकिलाचं क्षेत्र, पण वकिलाकडे जाताना वरचे सगळे कागद हातात असले तर पहिल्याच भेटीत काम पुढे सरकतं.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं: मालकाशी बोलायचं का? जरूर, आणि सुनावणीच्या आधी. त्याचं प्रत्येक महिन्याचं व्याज चालू असतं, त्यामुळे फाटकाची जागा बदलणं, नाली बांधणं, लेआउटच्या बाजूला झाडांचा पट्टा सोडणं यावर तो ऐकायची शक्यता बरीच असते. कबूल झालं तर ते स्टॅम्प पेपरवर हमीपत्र म्हणून घ्या, सुधारित नकाशावर त्याच्या आर्किटेक्टची सही घ्या, आणि दोन्ही तुमच्या हरकतीला जोडून सुनावणीच्या आधी आवक करा. व्हॉट्सॲपवर आलेलं 'हो साहेब, करून देतो' त्या तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. खसरा क्रमांक आणि सूचनेची तारीख इथे टाकलीत तर मुदत कधी संपते ते बघून सांगतो.